यंदा नाताळला वसईत येणाऱ्या व्हीगन पाहुणीस

प्रिय पाहुणी,

लेकीने सांगितलं की यंदाच्या नाताळला तू तिच्याबरोबर आमच्याकडे वसईला येणार आहेस. आणि लागलीच हेही सांगितलं, की तू मांस-मच्छी, अंडी, दूध, तूप, मध यांतलं काहीच घेत नाहीस. सांगताना तिचा आवाज जरा दबला होता. तुझ्याही मनात धाकधूक असेलच. सणाला एखाद्याच्या घरी जायचं आणि त्यांनी हौसेने वाढलेलं नको म्हणायचं, हे कुणालाच सोपं नसतं. म्हणून आधीच हे पत्र लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण असा पाहुणा आता एकट्या आमच्या दारात येत नाही. वसईत, नगरला, पुण्यात, गोव्यात कितीतरी आया डिसेंबर लागला की याच विचारात पडलेल्या असतात.

एक गोष्ट मोकळेपणी सांगून टाकते. पंचवीस तारखेला आमच्या टेबलावर डुकराच्या मांसाचं इंदियाल असणार. ते मी झाकून ठेवणार नाही. माझे दीर-नणंदा वर्षभर त्याची वाट बघतात, त्यांचाही तो सण आहे. तू शेजारी बसून वेगळं जेवशील. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, असं मला मनापासून वाटतं. मात्र दोन वाक्यं आमच्या घरात कुणी बोलणार नाही, हे मी सगळ्यांना बजावलं आहे. एक, "एवढंसं घे, काय होतंय?" आणि दुसरं, "नुसता रस्सा घे, तुकडे बाजूला कर." तिसरी गोष्ट याहून वाईट, ती म्हणजे थोडं तूप पडलेलं असताना "नाही गं, काही नाही त्यात" असं सांगून वाढणं. प्रेमापोटी असं करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मला ती फसवणूकच वाटते. पाहुण्याने आपल्यावर विश्वास ठेवून घास तोंडात घातलेला असतो.

आता सासूबाईंविषयी. मांस सोडणं त्यांना समजतं. राखेच्या बुधवारी आणि शुभ शुक्रवारी आमच्याकडे मटण शिजत नाही, उपवासकाळात तर कित्येक घरं चाळीस दिवस ते बंद ठेवतात. दूध सोडणं मात्र त्यांच्या पचनी पडत नाही. त्याला कारण आहे. वसईच्या कितीतरी कुटुंबांनी म्हशी पाळल्या, पहाटेच्या गाडीने दुधाच्या किटल्या मुंबईला पोचवल्या आणि त्या पैशांवर पोरांना शिकवलं. सासूबाईंचं माहेर त्यांतलंच. गोठ्यातल्या जनावराला नाव असायचं, ते आजारी पडलं की घरात चूल मंद व्हायची. "आम्ही काय त्यांचे हाल केले?" असं त्या तुला कदाचित विचारतील. तो टोमणा नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं आहे. तुला वाटलं तर उत्तर दे, नाही वाटलं तर हसून सोडून दे. जेवणाच्या टेबलावर आपल्या ताटाचा खुलासा देत बसणं हे पाहुण्याचं काम नाही.

आणखी एक सल आहे, तोही सांगते. आमच्या लोकांनी "नाही" फार ऐकलं आहे. तुम्ही मांस खाता म्हणून घर भाड्याने देणार नाही. तुमच्याकडे पाणी घेणार नाही. त्यामुळे कुणी आमचं जेवण नको म्हटलं की जुन्या माणसांच्या मनात आधी तेच येतं, की हिला आमचा विटाळ वाटतो का? तुझं नाही म्हणणं त्या जातीचं नाही, हे मी त्यांना समजावलं आहे. तू आमच्याच भांड्यांत, आमच्याच हातचं, आमच्याच टेबलावर जेवणार आहेस. जनावराला त्रास नको म्हणून एखादी वस्तू टाळणं वेगळं आणि माणूस टाळणं वेगळं. हा फरक एकदा कळला की माझ्या सासूबाईंसारखी प्रेमळ बाई तुला शोधून सापडायची नाही.

पंडिता रमाबाई मला यासाठीच आठवतात. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या आणि त्याच वर्षी मनोरमा या छोट्या लेकीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा बदलली, पण ताट बदललं नाही, त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांचा आणि तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. धर्मतत्त्वांच्या थोर वादांच्या बरोबरीने त्यात खाण्यापिण्यावरूनही खडाजंगी आहे. जुन्या जातीचे ग्रह अजून सुटले नाहीत, असा ठपका रमाबाईंवर आला, आणि आपल्या पूर्वजांच्या चालीरीती आपल्याला प्रिय आहेत, असं त्यांनी ठणकावून कळवलं. पंचविशीतली बाई, परका देश, आसरा देणाऱ्याच माणसांशी वाद. सिस्टरांचं तिच्यावर प्रेम होतं यात मला शंका नाही. पण पाहुणीच्या ताटाची झडती घेतली की प्रेमसुद्धा जाचायला लागतं. आमच्या घरात तुझी अशी झडती होणार नाही.

आणि नाताळ म्हणजे मांसच, हे तरी कुठे खरं आहे? केरळातले सिरियन ख्रिश्चन नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात, त्यात मांस-मासळी वर्ज्य असते. इथिओपियातले ख्रिस्ती ७ जानेवारीच्या आपल्या नाताळाआधी चाळीसहून अधिक दिवस मांस, दूध, अंडी यांतलं काही घेत नाहीत. युक्रेनमध्ये नाताळाच्या आदल्या रात्री बारा पदार्थ मांडायची रीत आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांत मांस नसतं आणि दूधदुभतंही नसतं. पोलंडमध्ये त्याच रात्री टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. बाळ येशूसाठी गव्हाणी मांडायची प्रथा लोकप्रिय केली ती असिसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ साली ग्रेच्चोत, आणि तिथे खरे बैल आणि गाढव उभे केले. त्याचं चरित्र लिहिणारा चेलानोचा थॉमस सांगतो, की नाताळच्या दिवशी बैल-गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा मिळावा, अशी फ्रान्सिसची इच्छा होती. तोच थॉमस हेही लिहितो, की एकदा नाताळ शुक्रवारी आला, मांस खावं की नाही असा प्रश्न पडला, तेव्हा आज भिंतींनीसुद्धा मांस खावं, असं फ्रान्सिस म्हणाला. एकाच संताच्या आनंदात दोन्ही मावलं. तर आमच्या टेबलावर तुम्ही दोघं, म्हणजे तू आणि माझा दीर, मावायला काय हरकत आहे?

आता स्वयंपाकाचं सांगते, त्यात माझा जीव जास्त रमतो.

शेजारच्या हिंदू घरांतून दिवाळीचा फराळ येतो आणि नाताळला आमच्या फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं. त्यांतल्या कित्येकांना अंडं चालत नाही, त्यामुळे बिनअंड्याचं करायची सवय या हातांना आहेच. तुझ्यासाठी फक्त दूध-तूप आणखी काढायचं. आणि ते काढलं तरी नारळ उरतोच. वसईच्या स्वयंपाकात नारळाचं दूध असलं की गाईच्या दुधावाचून फारसं अडत नाही.

कुलकुल घे. मैदा, मूठभर बारीक रवा, साखर, मीठ, नारळाचं पहिलं दाट दूध, आणि तुपाऐवजी कडकडीत तापवलेल्या खोबरेल तेलाचं मोहन. अंडं नसलं की पीठ जरा जास्त मळावं लागतं आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास निवांत ठेवावं लागतं. मग सुपारीपेक्षा लहान गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबत खालपर्यंत पसरायची आणि उलट गुंडाळत आणायची. रेघा बाहेरच्या बाजूला उमटतात. शेवटची कड नीट दाबून बसवली नाही तर तेलात पडताच ती उलगडते. पहिली घाणी यंदा तुझ्या कुलकुलांचीच. कारण त्याच तेलात नंतर गुलाबकुकीज तळायच्या असतात, आणि त्यांच्या पिठात अंडं असतं. नवं तेल, पहिली घाणी, वेगळा डबा. हा क्रम मी चुकू देणार नाही.

फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, थोडं कठीण आहे. पूर्वी पीठ ताडीने आंबवायचे, आता यीस्ट घालतात; पण हलकेपणा येतो तो बराचसा अंड्याने. अंड्याशिवायचे फुगे गरम असताना मऊसूत लागतात, गार झाले की चिवट होतात. म्हणून तुझे फुगे जेवायला बसल्यावर तळायचे. पिठाची मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा काढायचा आणि तसाच तेलात सोडायचा. हे काम माझ्या जावेचं, तिच्या हातचे सगळे फुगे एका मापाचे उतरतात.

त्यांच्याबरोबर खायला सुरण. लाल मिरच्या, लसूण, जिरं व्हिनेगरमध्ये वाटून इंदियालचा मसाला होतो, तोच मसाला सुरणाला लावायचा. आंबटामुळे सुरणाची खाजही मरते. हा पदार्थ आदल्या दिवशी करायचा, मुरला की चव चढते. शिवाय बाटली मसाल्यातलं वांगी-बटाटा-पावट्याचं कालवण आणि नारळाच्या दुधातला भात. बाटली मसाला आम्ही उन्हाळ्यात भाजून, कुटून काळ्या बाटल्यांत दाबून भरतो. त्यात वीसहून जास्त जिन्नस असतात आणि सगळे झाडाझुडपांचे. ही भांडी टेबलाच्या मधोमध असतील. तुझ्यापुरती वाटी कोपऱ्यात ठेवायची नाही, सगळ्यांनी त्यांतलं घ्यायचं. डाव मात्र प्रत्येक भांड्याचा वेगळा, आणि इंदियालचा डाव इंदियालमध्येच राहील.

गोडात गोव्याच्या नातेवाइकांकडून दोदोल येतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ. तो जसा आहे तसाच तुझा. पेरूच्या वडीत साखर-लिंबाशिवाय काही नसतं, फक्त थाळीला लोणी लावायची पद्धत आहे. तिथे मी खोबरेल लावेन. घरच्या राजेळी केळ्यांची सुकेळी असतील. मिल्क क्रीम आणि बिबिंका तुझी नव्हेत, त्यांची नक्कल करायच्या फंदात मी पडत नाही. केक मात्र दोन होतील, कारण केक कापताना एखादीने रिकाम्या हाताने टाळ्या वाजवत उभं राहावं, हे मला पटत नाही. तुझा केक नारळाच्या दुधात, तेलावर, सोडा आणि व्हिनेगरने फुललेला. पहिली सुरी त्यालाच लागेल आणि तुकडा सगळ्यांना मिळेल.

वाइनबद्दल सावध करते. घरची द्राक्षाची वाइन निवळावी म्हणून काही जण तिच्यात अंड्याचा पांढरा बलक घालतात. आमची नुसती गाळून ठेवलेली असते, पण पंचवीस तारखेला आपण चार घरी जाऊ, तिथे विचारून घे. तुला संकोच वाटला तर माझ्याकडे बघ, मी विचारीन. आणि सकाळचा चहा गवती पात आणि आलं घालून, बिनदुधाचा. अशा पाहुण्याला परकं वाटतं ते बहुधा मेजवानीत नव्हे, सकाळी घरभर दुधाचा चहा फिरतो तेव्हा.

येताना काही आणू नकोस, म्हणजे डबा तर मुळीच नको. बावीस तारखेला दुपारी आलीस तर बरं. संध्याकाळी सगळ्या जणी जमिनीवर बसून कुलकुल वळतात आणि हात कमीच पडतात. वसई रोडला पश्चिमेला उतर, लेक घ्यायला येईल. चोवीसच्या रात्री मिस्सेला यायचं की घरी थांबायचं, ते तुझं तू ठरव.

दोन-तीन गोष्टी मात्र विचारून घ्यायच्या आहेत. साखर चालते ना, की सगळीकडे गूळ घालू? काजू-बदामाचं काही पथ्य? यीस्ट चालतं का? लेकीजवळ निरोप दे, शनिवारी मी सामान आणायला जाणार आहे.

तुझी,
वसईची मावशी