वाळवंटांतील धरण : एका दिवसाच्या सहलीचा बेत

प्रवासाचा बेत करणें ही एक स्वतंत्र कला आहे, आणि ती ज्यांस साधत नाहीं त्यांच्या घरीं प्रवासाच्या आदल्या रात्रीं खडाजंगी ठरलेलीच. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत लास व्हेगास येथें नोकरीस असलेल्या चिरंजीवाकडे दोन महिने राहून आलों. ह्या शहराचें नांव काढतांच आपल्याकडील मंडळी भुंवया उंचावतात. जुगाराच्या अड्ड्यांवांचून तेथें दुसरें पाहण्यासारखें काय असणार, असा त्यांचा समज. परंतु त्या शहरापासून आग्नेयीस सुमारें ३५ मैलांवर, कोलोरॅडो नदीच्या ब्लॅक कॅनियन नांवाच्या दरींत, हूव्हर धरण उभें आहे. मी पाटबंधारे खात्यांत उभा जन्म घालविलेला माणूस. महाविद्यालयांत असतां ज्याची आकृति मीं वहींत काढली होती, तें धरण डोळ्यांनीं पाहण्याची इच्छा मी पन्नास वर्षें उराशीं बाळगून होतों.

चिरंजीवांनीं एका रविवारचा बेत कागदावर उतरविला. सकाळीं आठास निघावयाचें, बारापर्यंत धरण आटोपावयाचें, दुपारीं घरीं परतून विश्रांति, सायंकाळीं शहराची रोषणाई. मला हा बेत उत्तम वाटला. आमच्या सौ. मात्र नकाशावरील तळ्याच्या निळ्या रंगावर बोट ठेवून बराच वेळ बसल्या होत्या. मग त्यांनीं विचारलें, "काय रे, ह्या पाण्याखालीं कोणाचें गांव होतें काय?"

"होतें ना, आई," चिरंजीव म्हणाले. "सेंट थॉमस म्हणून होतें. अलीकडे तळ्याचें पाणी उतरल्यामुळें तें उघडें पडलें आहे. पण तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं, नुसतीं जोतीं."

"तर मग आपण तेथें जाऊं," ती म्हणाली.

येथें एक खुलासा करणें प्राप्त आहे. हिचें आजोळ सातारा जिल्ह्यांत, कोयनेच्या खोऱ्यांत होतें. धरण झालें आणि तें गांव पाण्याखालीं गेलें, तेव्हां ही जेमतेम नऊ वर्षांची होती. कोयनेच्या कामाशीं माझा संबंध कधींहि आला नाहीं. तथापि खातें तेंच. आमच्या पन्नास वर्षांच्या संसारांत ह्या विषयावर आम्ही कधीं मोकळेपणानें बोललों नव्हतों. मी पाण्याचे हिशेब सांगत असें, आणि ती उठून स्वयंपाकघरांत जात असे.

अखेर नवा बेत ठरला : सकाळीं धरण, आणि मग तळ्याच्या उत्तर किनाऱ्याच्या रस्त्यानें सेंट थॉमस. एका दिवसांत दोन्ही होतात, मात्र हिंवाळा पाहिजे. नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. उन्हाळ्यांत तेथें पारा ११० अंश फॅरनहाइटच्याहि वर जातो, आणि उघड्या माळावर पायीं हिंडणें जिवावर बेतूं शकतें. धरणापाशीं मोटारींची झडती होते, सबब सामान बेताचें असावें. आंतील वीजघर पाहावयाचें असल्यास तिकिटांची चौकशी आधींच करावी. पाणी माणशीं दोन बाटल्या तरी घ्यावें. आम्हीं त्याखेरीज दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दहीं बरोबर घेतलें होतें, हें सूनबाईंचें चातुर्य.

वाटेवर बोल्डर सिटी हें टुमदार गांव लागतें. धरणाच्या कामगारांसाठीं सरकारनें १९३१ सालीं तें वसविलें. शेजारीं जुगाराची राजधानी असतांहि ह्या गांवांत जुगारास आजतागायत बंदी आहे. त्या काळीं कृष्णवर्णीय मजुरांस मात्र गांवांत राहण्याची मुभा नव्हती. कामावरहि त्यांस फार थोड्या संख्येनें घेतलें होतें. हें सांगितल्यावांचून त्या गांवाची प्रशंसा पुरी होत नाहीं.

गांव ओलांडून डोंगर उतरतां उतरतां एकाएकीं धरण दृष्टीस पडतें. त्याची उंची ७२६ फूट आणि माथ्याची लांबी १,२४४ फूट. तळाशीं तें ६६० फूट जाड आहे, तर माथ्यावर अवघें ४५ फूट. कमानीसारखा त्याचा बांक पाण्याकडे वळलेला आहे, त्यामुळें पाण्याचा रेटा दोन्ही बाजूंच्या कड्यांवर पडतो. हा बांक मीं विद्यार्थिदशेंत कंपासानें काढला होता. प्रत्यक्ष पाहतांच मी कठड्याशीं जो उभा राहिलों, तो नातीनें बाही ओढीपर्यंत हाललों नाहीं.

१९३१ सालीं, मंदीच्या ऐन कहरांत, काम सुरू झालें. प्रथम नदीस बाजूला काढावयाचें होतें. त्यासाठीं कड्यांच्या पोटांतून ५६ फूट व्यासाचे चार बोगदे खोदले. कड्यांवरील सुटे खडक काढण्यासाठीं माणसें दोरांना लोंबकळत सुरुंग लावीत. वरून कोसळणाऱ्या दगडांपासून बचाव व्हावा म्हणून ते आपल्या कापडी टोप्या डांबरांत बुडवून कडक करून घेत. पहिल्या उन्हाळ्यांत उष्म्यानें कित्येक माणसें दगावलीं, आणि त्याच ऑगस्टांत मजुरांनीं संप केला. सरकारी नोंदीप्रमाणें कामावर ९६ माणसें मेलीं. बोगद्यांतील मोटारींच्या धुरानें आजारी पडून मेलेल्यांची नोंद फुफ्फुसदाहाखालीं झाली, असा आक्षेप तेव्हांपासून घेतला जातो.

धरणाच्या पोटांत माणसें पुरलेलीं आहेत, अशी एक दंतकथा तेथें सर्वत्र ऐकूं येते. ती खरी नाहीं. काँक्रीट एकदम ओतलेलें नसून ठोकळ्याठोकळ्यांनीं, थोडें थोडें चढवीत ओतलें आहे. त्यांत माणूस बुडून अदृश्य होणें शक्य नव्हतें. ठोकळ्यांचें कारण उष्णता हें होय. काँक्रीट घट्ट होतांना तापतें. एवढी रास एकसंध ओतली असती, तर ती निवण्यास सव्वाशें वर्षें लागलीं असतीं आणि निवतां निवतां तिला तडे गेले असते, असा स्थापत्यविशारदांचा अंदाज होता. म्हणून ठोकळ्यांतून एक इंच व्यासाच्या नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरविलें. ह्या नळ्यांची एकूण लांबी ५८२ मैल भरते! ३० सप्टेंबर १९३५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. नांवाचाहि एक इतिहास आहे. प्रथम हूव्हर, पुढें पक्ष बदलल्यावर बोल्डर, आणि १९४७ सालीं कायद्यानें पुनः हूव्हर. नामकरणाचे वाद आपल्याच देशांत होतात असें नाहीं.

उद्वाहकानें खालीं उतरल्यावर वीजघर दिसतें. एकंदर १७ जनित्रें. नेवाडाच्या बाजूस आठ आणि अॅरिझोनाच्या बाजूस नऊ. धरणाच्या माथ्यावरील पाण्याच्या मनोऱ्यांवर दोन घड्याळें आहेत, एक नेवाडाच्या वेळेचें व दुसरें अॅरिझोनाच्या. हिंवाळ्यांत दोहोंत एक तासाचें अंतर असतें. उन्हाळ्यांत नेवाडा घड्याळ पुढें करतें आणि अॅरिझोना करीत नाहीं, म्हणून दोन्ही जुळतात. बेत करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. नातीच्या हातांतील दूरध्वनीनें पूल ओलांडतांच एक तास गिळला आणि आमचें सारें वेळापत्रक कोलमडलें.

मला सर्वांत अधिक भावला तो नेवाडाच्या बाजूचा स्मारकचौक. शिल्पकार ऑस्कर हॅन्सन ह्यांनीं तेथें पंख उभारलेल्या ३० फुटी दोन मूर्ति बसविल्या आहेत. त्यांच्या पायांपाशीं फरशींत ताऱ्यांचा नकाशा आहे. उद्घाटनाच्या दिवशीं आकाश कसें होतें तें त्यावरून काढतां यावें, अशी ती योजना. आपले ज्योतिषी ज्यास अयनचलन म्हणतात, त्या सुमारें २६ हजार वर्षांच्या फेऱ्याचा तेथें आधार घेतला आहे. पिरॅमिडांच्या काळीं ध्रुवस्थानीं थुबन होता, आज आपला ध्रुव आहे, आणि सुमारें बारा हजार वर्षांनीं अभिजित् त्या स्थानाजवळ येईल. धरण बांधणारांनीं आपल्या कामाची तारीख अशा घड्याळांत लिहून ठेवली! मी हें कौतुकानें सांगत होतों. ही एवढेंच म्हणाली, "इतक्या पुढचा विचार केला, आणि पाणी शंभर वर्षें पुरलें नाहीं."

तिचें म्हणणें खोटें नव्हतें. मीड तळ्याच्या भोंवतालच्या तांबूस खडकांवर पांढऱ्या क्षारांचा रुंद पट्टा दिसतो; पूर्वीं पाणी कोठवर होतें त्याची ती खूण. १९८३ सालीं ह्याच तळ्याचें पाणी सांडव्यांवरून वाहिलें होतें. तळें भरलें म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें १,२२० फूट असते. १९३० नंतरच्या दशकांत तें प्रथम भरत होतें तेव्हांपासूनचा नीचांक, सुमारें १,०४० फूट, २०२२ च्या जुलैंत गांठला गेला. ह्याचें मूळ १९२२ च्या करारांत आहे. सात संस्थानांनीं नदीचें पाणी वांटून घेतलें, परंतु त्यापूर्वींचीं वर्षें अतिपावसाचीं होतीं. चांगल्या सालाच्या पिकावर संसाराचा अंदाज बांधावा, तसें झालें. पुढें मेक्सिकोसहि वांटा द्यावा लागला, तपमान वाढलें, आणि २०२१ सालीं सरकारला प्रथमच तुटवडा जाहीर करावा लागला.

दुपारीं आम्ही सेंट थॉमसच्या टेकडीवर पोंचलों. शेवटचा कांहीं मैलांचा रस्ता कच्चा आहे. तेथें झाडाखालीं बसून जेवावें म्हटलें तर झाडच नाहीं. मोटारीच्या सावलींत दशम्या खाल्ल्या. खालीं सपाटीवर झुडपांत गांवाच्या खुणा विखुरल्या आहेत. हें गांव मॉर्मन पंथाच्या शेतकऱ्यांनीं १८६५ सालीं वसविलें. धरण झाल्यावर सरकारनें जमिनी विकत घेतल्या, स्मशानांतील थडगीं ओव्हर्टन गांवीं हलविलीं, आणि १९३८ सालीं शेवटच्या रहिवाशानें घर सोडलें. आज शाळेचें जोतें, एका आइसक्रीमच्या दुकानाच्या भिंती, रांगेंत लावलेल्या झाडांचीं वाळलेलीं खोडें, आणि सर्वत्र पांढऱ्या शिंपल्या एवढें दिसतें.

एका घराच्या जोत्याशेजारीं पाणी साठविण्याचें वाटोळें टांकें होतें. ही त्याच्या कांठाशीं उभी राहिली. "आजोबांनीं दारें, कड्या, तुळया सारें काढून गाडींत घातलें होतें," ती म्हणाली. "देव आजीच्या मांडीवर होते. विहीर मात्र नेतां आली नाहीं. निघतांना आजीनें तिच्यांतलें एक घागर पाणी काढलें आणि अंगणांतच ओतलें. मीं विचारलें, कां गं? ती म्हणाली, उद्यां एवढें पाणी येणार आहे, त्यांत आपलें कुठलें तें कसें ओळखूं यायचें?"

मी काय बोलणार? पन्नास वर्षांत मीं किती एकर भिजले आणि किती गांवें उठलीं ह्यांचे आंकडे एकाच कोष्टकांत लिहिले होते. कोयनेच्या विजेवर आमच्या घरचा दिवा जळला, आणि तो जळावा असेंच मला आजहि वाटतें. परंतु त्या कोष्टकांत घागरीचा रकाना नव्हता. मीं तिला एवढेंच विचारलें, "तुझ्या आजोळीं विहीर घराच्या कोणत्या बाजूस होती?" तिनें शिंपलीनें मातींत घर काढून दाखविलें. माजघर, पडवी, गोठा, आणि ईशान्येस विहीर. नात शेजारीं बसून ऐकत होती.

परततांना दिवस मावळला होता. रोषणाई पाहण्याचें राहून गेलें, आणि त्याची कोणास आठवणहि झाली नाहीं. ज्यांचीं मुलें-नातवंडें त्या बाजूस आहेत, त्यांनीं हा बेत अवश्य करावा. धरणास अर्धा दिवस पुरतो. उरलेला अर्धा दिवस पाण्याखालून वर आलेल्या त्या गांवासाठीं राखून ठेवावा.