महाडच्या नदीकाठी : खंड्या आणि टाचणी

२० मार्चला किंवा २५ डिसेंबरला महाडला जाणारी आपली माणसे चवदार तळ्याला वंदन करतात आणि एस.टी. पकडून परत फिरतात. दोन तास हाताशी असतील तर महामार्गालगतची गांधारपालेची बौद्ध लेणी अवश्य पाहावीत. पायऱ्या बऱ्याच आहेत. म्हाताऱ्या माणसांना ऊन चढण्याआधी न्यावे. वरून सावित्री आणि गांधारी नद्यांचे खोरे दिसते. मग मुलांना नदीकाठी न्यावे. सावित्रीत मगरी आहेत, पाण्यात मात्र उतरू देऊ नये.

काठच्या तारेवर खंड्या बसतो. पाठ निळी, डोके तपकिरी, गळा पांढरा, चोच लालभडक. खाली गवतात काडीएवढी टाचणी. दोघेही शिकारी, दोघांनाही पाण्याची ओढ. चवदार तळ्यावर अशा जिवांना कधी कोणी अडवले नाही. अडवले ते आपल्या आजा-पणजांना. १९२७ साली परमपूज्य बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले.

पाणी नासले की मात्र या दोघांची गत सारखी राहत नाही. मासे नसले तर खंड्या सरडे, बेडूक, नाकतोडे खातो, शेतात आणि वस्तीत येतो. टाचणीला ती सोय नाही. तिची अंडी पाण्यातल्या झाडपाल्यात. पिल्लू कित्येक आठवडे, कधी महिने पाण्याखाली राहते आणि शेपटीच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांनी श्वास घेते. ते डासांच्या अळ्या खाते. डेंग्यू-मलेरियाने बेजार झालेल्या आपल्या वस्त्यांनी हा जीव ओळखून असावे.

आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत हा खंड्या 'चिंता नसलेला' आहे. गावाकडच्या नेहमीच्या टाचण्याही बहुतेक त्याच रकान्यात. पण २०२१ साली जगभरच्या चतुर-टाचण्यांची पहिली पूर्ण तपासणी जाहीर झाली, तेव्हा ६,०१६ जातींपैकी १६ टक्के धोक्यात निघाल्या. दक्षिण व आग्नेय आशियात तर चौथ्या हिश्श्याहून जास्त. सह्याद्रीच्या ओढ्यांवरच्या काही टाचण्या जगात दुसरीकडे कोठेच नाहीत. जगातल्या कित्येक जातींपुढे नुसते 'माहिती अपुरी' लिहिलेले आहे. ज्याची नोंद नाही त्याची दाद नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

तेव्हा खंड्या दिसला म्हणजे नदी ठीक, असे धरू नये. गवत पाहावे. पंख पसरून बसला तो चतुर, बहुधा पंख मिटून बसते ती टाचणी. पाण्यालगतच्या काडीवर बारीक, रिकामी कात चिकटलेली असेल आणि तिच्या टोकाला तीन पाने असतील, तर त्या पाण्यात टाचणीचे पिल्लू वाढून बाहेर पडले आहे.