लॉगबुकातील ॲव्हरेज

मराठी माणूस स्वतः गाडी घेताना, किंवा शेजाऱ्याने घेतली तरीही, जो पहिला प्रश्न विचारतो तो ‘ॲव्हरेज काय देते?’ हा असतो. कशाची सरासरी, हे इथे कोणी सांगत नाही आणि कोणाला सांगावेही लागत नाही. गुवाहाटीत, जयपुरात किंवा कोइम्बतुरात राहणाऱ्या माझ्या वाचकांनाही हा अनुभव असेल, कारण या एका शब्दावर देशातील सर्व भाषांचे एकमत झालेले आहे. सरकारी कार्यालयात मात्र हाच प्रश्न लेखापरीक्षक विचारतो, आणि उत्तर निकषात बसले नाही तर कोणाच्या तरी पगारातून पैसे कापले जातात.

२०१६ साली अशीच एक फाइल माझ्यासमोर आली. मी तेव्हा गुवाहाटीच्या प्रादेशिक कार्यालयात प्रशासनाचे काम पाहत होतो. आमचे एक क्षेत्रीय कार्यालय अरुणाचल प्रदेशातील पश्चिम कामेंग जिल्ह्यात होते. तेथील २००७ सालच्या मारुती जिप्सीचा निकष दर लिटरला १० किलोमीटर असा ठरलेला होता आणि लॉगबुकात सातत्याने ७ च्या आसपास आकडा दिसत होता. तीन वर्षांत गाडी मीटरप्रमाणे ३०,००० किलोमीटर चालली होती. निकषाने ३,००० लिटर पेट्रोल लागायला हवे होते, लागले ४,२८६ लिटर. फरक १,२८६ लिटरचा. त्या त्या वेळच्या दराने रक्कम ८३ हजारांच्या वर जात होती. ती चालकाकडून वसूल करावी असा प्रस्ताव होता. चालकाच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

पेट्रोलची चोरी होते, हे मी नाकारणार नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी ती पाहिलेली आहे, आणि निकष त्यासाठीच अस्तित्वात आले. परंतु फाइलच्या तळाशी एक जुनी टिपणी होती. २०११ साली, पावसाळ्यात गाडी दोनदा चिखलात अडकून पडल्यावर, कार्यालयानेच मंजुरी घेऊन तिला मोठे, खोल नक्षीचे टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच आणि टपावर सामानाचा कॅरिअर बसवून घेतला होता. गाडी बदलली, २००७ चा निकष तसाच राहिला.

आता थोडे गणित. जिप्सीचा मूळ टायर २०५/७० आर १५ या मापाचा. त्याचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. नवे टायर २३५/७५ आर १५ होते. त्यांचा व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर. मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि त्यांना मूळ टायरच्या परिघाने गुणतो. मोठे चाक एका फेऱ्यात जवळजवळ दहा टक्के जास्त अंतर कापते, पण मीटरला त्याचा पत्ता नसतो. म्हणजे लॉगबुकात ३०,००० किलोमीटर लिहिलेली ही गाडी प्रत्यक्षात सुमारे ३२,९०० किलोमीटर धावली होती. आरोपाचा एक मोठा तुकडा केवळ टायरच्या मापामुळे उभा राहिला होता, आणि फाइलवर सही करणाऱ्या पाच जणांपैकी कोणीही टायर पाहिलेला नव्हता.

उरलेला फरक डोंगराचा. दिरांग सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे आणि सेला खिंड ४,१७० मीटरवर. माणसे आणि सामानासह दीड टन वजनाची गाडी इतकी वर उचलायला साधारण ३९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, परंतु इंजिन त्यातील पाचवा ते चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचवते. हिशेब केला तर नुसत्या चढणीलाच साडेपाच लिटर जातात. रस्त्याचे घर्षण, वळणे, ट्रकच्या मागे खोळंबणे हे वेगळे. उतरताना ही ऊर्जा परत मिळत नाही, ती ब्रेकच्या उष्णतेत जाते. बंपर, विंच आणि कॅरिअर यांचे दीडशे किलो जादा वजन प्रत्येक चढणीला अर्धा लिटर खाते. चाक मोठे झाल्याने गिअरचे प्रमाणही बिघडते. जिथे दुसऱ्या गिअरवर काम भागत असे, तिथे पहिला टाकावा लागतो. शिवाय सेलावर हवा समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश विरळ असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या अशा हवेत हवेपेक्षा जास्त पेट्रोल ओढून काळा धूर सोडतात. आमची जिप्सी इंजेक्शनची होती, म्हणून मिश्रण सांभाळून घेई. पण जोर मात्र कमी पडेच. (कॅरिअरमुळे वाऱ्याचा विरोध वाढतो असे सर्वजण सांगतात. ते महामार्गावर ऐंशीच्या वेगाने खरे आहे. तासाला पंचवीस किलोमीटर वेगाने वळणे घेणाऱ्या गाडीला त्याने फारसे बिघडत नाही.)

मूळ निकष कुठून आला, तेही पाहिले. गाड्यांचे जे अधिकृत मायलेज जाहिरातीत दिसते ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगचक्रानुसार मोजलेले असते. गाड्यांची आपसात तुलना करण्यासाठी ती पद्धत योग्यच आहे. आमच्या खात्याने त्या आकड्यातून काही टक्के वजा करून १० हा निकष ठरवला होता. रोलरला सेला खिंड नसते.

फाइलमध्ये तुलनेसाठी त्याच कार्यालयाच्या दुसऱ्या जिप्सीचे लॉगबुक जोडलेले होते, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका कागद तोच. तिलाही तेच टायर, तोच रस्ता. तिचे ॲव्हरेज छत्तीस महिने ९.९, १०.०, १०.१ असे होते. जानेवारीतही तेच, जुलैतही तेच. तिच्या लॉगबुकात जागोजागी ‘मीटर नादुरुस्त, अंतर अंदाजे’ असा शेरा होता. बर्फात आणि पावसात सारखीच चालणारी गाडी मी आजवर पाहिलेली नाही. तिच्यावर एकही आक्षेप नव्हता. मीटर बंद ठेवून किलोमीटर मागाहून भरणाऱ्याचे लॉगबुक निर्दोष ठरले होते, आणि मीटर चालू ठेवणाऱ्यावर वसुली निघाली होती. आरोप असलेल्या चालकाला मी बोलावून घेतले, तेव्हा तो इतकेच म्हणाला, ‘सर, काटा जे दाखवतो तेच मी लिहितो. दुसरं काय लिहायचं असतं ते मला कोणी सांगितलं नाही.’

मी चाचणी मागवली. गाडी नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या भारासह, टाकी काठोकाठ भरून न्यायची आणि परतल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. सोबत हातातले जीपीएस आणि दुसऱ्या विभागाचा एक अधिकारी. दोन दिवसांच्या फेरीत मीटरने ३१८ किलोमीटर दाखवले, जीपीएसने ३४९. पेट्रोल लागले ४६ लिटर. म्हणजे मीटरप्रमाणे ६.९ आणि खरे ७.६. लॉगबुकातला ७ हा आकडा प्रामाणिक होता.

त्याच वर्षी रजेवर असताना दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजांगला गेलो होतो. तेथून ३,६३६ मीटरवरील संदकफूपर्यंत जुन्या लँड रोव्हर चालतात. काही १९५०च्या दशकातल्या. मूळची पेट्रोल इंजिने बहुतेकांनी केव्हाच काढून महिंद्राची डिझेल इंजिने बसवली आहेत. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. तोवर दोन्हींत सरकारनेच जी तफावत ठेवली होती, तिच्यामुळे अशी इंजिनबदली देशभरच्या जीपगाड्यांत झाली. तेथील एका चालकाला मी सवयीने ॲव्हरेज विचारले. त्याने एका फेरीला किती लिटर लागते ते सांगितले, आणि बर्फ असेल तर किती, तेही. भाडे फेरीवर मिळते, म्हणून खर्चही फेरीवर. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला सीमांत खर्च याहून बराच अवघड करून शिकवला होता.

लिटर खाली ठेवून किलोमीटर वर ठेवण्यात आणखी एक फसगत आहे. २००८ साली लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ती दाखवून दिली. मुख्यालयातील मोटारीचे ॲव्हरेज १५ वरून १२.५ वर आले आणि डोंगरातल्या जिप्सीचे १० वरून ७.५ वर आले, तर आमच्या विवरणपत्रात दोन्हींपुढे ‘घट २.५’ असेच लिहिले जाते. प्रत्यक्षात हजार किलोमीटरला मोटार सुमारे १३ लिटर जास्त पिते, जिप्सी ३३ लिटर. तेव्हा जुन्या, तहानलेल्या गाडीकडे लक्ष द्यावे हे लेखापरीक्षकाचे म्हणणे मुळात बरोबरच होते. लक्ष टायरकडे आणि वजनाकडे द्यायचे होते, चालकाच्या खिशाकडे नव्हे. आम्ही कॅरिअर उतरवून ठेवला आणि कोरड्या महिन्यांसाठी मूळ मापाचे टायर परत आणले. विंच ठेवली.

वसुली रद्द झाली आणि चालक वेळेवर, पूर्ण लाभांसह निवृत्त झाला. मी सोबत सुचवले होते की डोंगरी कार्यालयांसाठी निकष मार्गवार, ‘फेरीमागे लिटर’ असा ठेवावा, आणि गाडीत बदल केला की त्याच महिन्यात चाचणी व्हावी. वित्त शाखेने लिहिले की लॉगबुकाच्या छापील नमुन्यात असा रकाना नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या पत्रानंतर लोखंडी बंपर निघाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गाडीत निर्मात्याच्या विनिर्देशांविरुद्ध बदल करता येणार नाहीत, असे कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितले. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आली, तेव्हा दोन्ही जिप्सी भंगारात गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या नव्या डिझेल गाडीला १२ चा निकष लागला आहे असे कळल्यावर मी तेथील अधिकाऱ्याला फोन करून चाचणी कोणत्या रस्त्यावर झाली ते विचारले. गुवाहाटीच्या बाह्यवळणावर, असे ते म्हणाले. सेलावरची फेरी मोजून घ्या, आणि मार्च २०२४ मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून ती चढण बरीच कमी झाली आहे, म्हणून खिंडीवरून एकदा व बोगद्यातून एकदा अशी दोन्हींची मोजा, एवढे त्यांना सांगितले आहे.