दोन मिलिमीटर

इंदूरहून ओंकारेश्वरास जाताना भेरूघाटाची वळणे सुरू झाली, की मागे बसलेली आमची आई दाराची मूठ घट्ट धरी. आमची सेडान वळणागणिक एका अंगावर कले आणि आईच्या पोटात ढवळू लागे. तेव्हा पुढील दोन चाकांना जोडणारी कंपनीची २० मि.मी. व्यासाची स्टॅबिलायझर दांडी काढून बाजारातील २२ ची बसवावी, असा घाट आम्ही घातला. दोन मिलिमीटरांचा तो काय फरक! परंतु दांडीचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे येथे जवळजवळ दीडपट. मोह मोठा होता. मात्र मुळातच पुढून जड असलेल्या गाडीचा पुढचाच भाग ताठ केला, की ती वळणाबाहेर ओढ घेते. शिवाय खड्ड्यात गेलेल्या एका चाकाचा हिसका जाड दांडी दुसऱ्या चाकालाही अधिक जोराने पोहोचवते, आणि आईची कंबर तर पोटाहून नाजूक.

अखेर मिस्त्रींनी गाडीखाली शिरून जुन्या दांडीचे झिजलेले रबरी बुश दाखविले. आम्ही तेवढेच बदलले. पुढच्या खेपेस घाटात आईने मूठ सोडून शेंगा सोलल्या. वेगही आम्ही चाळिसाच्या आत ठेवला होता. ते तिला सांगितले नाही.