शंभर लिटरचं घर

सास्काटूनचा भाचा दर उन्हाळ्यात फोटो पाठवतो. तळ्याकाठी उभी गाडी, गाडीपुढे घडीच्या खुर्च्या, चुलीवर कणसं. तिकडे या घरासारख्या गाडीला आरव्ही म्हणतात, आणि ते तळं म्हणजे डिफेनबेकर, 1967 साली पुऱ्या झालेल्या गार्डिनर धरणाचं पाणी. म्हटलं, धरण काय आपल्याकडे नाही? हजिऱ्यात नोकरीची सगळी वर्षं काढली, समोर तापीचं मुख, मागे उकाई. ही म्हणाली, "अहो, तुम्हाला सोसायटीत अल्टो लावता येत नाही." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण तोवर तशाच एका गाडीचा ॲडव्हान्स भरून झाला होता.

गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली. मालकाने सगळं समजावून सांगितलं. चांगल्या पाण्याची टाकी शंभर लिटरची. बेसिन आणि मोरीचं पाणी खाली दुसऱ्या टाकीत जातं, त्याला ग्रे वॉटर म्हणायचं, म्हणजे करडं पाणी. संडासाखाली एक पेटी, तिचं नाव कॅसेट. दिवे आणि पंप बारा व्होल्टवर, एसी मात्र इन्व्हर्टरवर. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. शेवटी त्याने "काही शंका?" असं विचारलं, तेव्हा मी डिझेलचं झाकण कुठे आहे ते विचारलं.

पहिला मुक्काम घराजवळच, सुंवाळीच्या बाजूला ओळखीच्यांच्या वाडीत. ही तीच सुंवाळी, जिथे 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजं भिडली होती. मुक्कामाला जाण्याआधी सूर्यास्त बघायला गाडी वाळूच्या कडेला नेली. ओहोटी होती, पाणी इतकं लांब गेलं होतं की समुद्र आहे यावर विश्वास ठेवावा लागत होता. मला कोकणातल्या आजोबांचा हिशेब पाठ: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी द्वादशी, म्हणजे रात्री नऊ. नऊला पाणी फिरेल, मग आणखी तासभर बसू, असं मी हिला अधिकाराने सांगितलं. नऊ वाजून गेले तरी पाणी येतच होतं. गाडा आवरणारा चहावाला म्हणाला, "काका, ए तो मुंबईनो हिसाब." भरतीची लाट दक्षिणेकडून आखातात चढत येते, त्यामुळे इकडे ती उशिरा पोचते, आणि आखात अरुंद होत जातं तशी जास्त उंचही होते. ही टॉर्च घेऊन मागे उभी राहिली, मी रिव्हर्स टाकला. वाडीपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मार्चची रात्र, डास, म्हणून खिडक्या बंद आणि एसी चालू. तासाभरात एसी गप्प, दिवेही मलूल. तिकडे सकाळ होती, भाच्याला फोन लावला.

"मामा, शोअर पॉवर कुठे जोडली तुम्ही?"

"म्हणजे?"

म्हणजे असं की त्याच्याकडच्या कॅम्पग्राउंडमध्ये गाडी लावायच्या जागेशेजारी खांब असतो, त्याला तीस अँपियरचं सॉकेट. जवळपास नळ, आणि बाहेर पडताना घाण ओतायला डम्प स्टेशन. गाडी फक्त झोपायची खोली, बाकीचं घर जमिनीत पुरलेलं. मग त्याने मला गणित घातलं: बारा व्होल्ट गुणिले दोनशे अँपिअर-तास म्हणजे चोवीसशे वॉट-तास, लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करायची नाही, आणि एसी ओढतो बाराशेच्या वर. "तासभर चालला म्हणजे नशीब," तो म्हणाला. आयुष्यभर कारखान्यात काढून मी हे गणित भाच्याकडून ऐकत होतो.

सकाळी निघालो. त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग हजिऱ्यातूनच सुरू होतो तो पार ओडिशातल्या पारादीपला जातो; आम्हाला बारडोली, व्यारा करत सोनगडपर्यंतच जायचं होतं. वाटेत कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागला. ती ओतायची कुठे, याचं उत्तर गाडीच्या मालकाने दिलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एका ढाब्यावर जेवण मागवलं आणि ढाबेवाल्याला बाजूला घेऊन परवानगी काढली. तो भला माणूस, फक्त आत निळं औषध तर नाही ना एवढं विचारलं. त्या औषधाने सेप्टिक टँकमधले जंतू मरतात हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. औषध मी टाकलंच नव्हतं. चाकांच्या सुटकेससारखी ती पेटी ओढत मी जेवणाऱ्यांच्या टेबलांमधून निघालो, तर एका मुलाने धावत येऊन विचारलं, "सामान उचलू, साहेब?"

सोनगडचा किल्ला, गायकवाडांची बडोद्याआधीची गादी, खिडकीतूनच पाहिला. उकाईला पोचलो तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं. जलाशय भरला की पातळी 345 फूट, मग उन्हाळाभर काठ मागे सरकत जातो आणि उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात. मला मात्र ती सपाट, मोकळी, थेट पाण्यालगतची जमीन फोटोतल्यासारखी दिसली. गाडी खाली उतरवणार, तेवढ्यात एक शेतकरी हात हलवत आला. त्याने काठी टेकवली आणि जरा दाबली. वर भेगा पडलेली पापडी, खाली काठी सरळ आत. धरणाच्या खाली नदीपात्रात लावू का, असं विचारल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. बावीस दरवाजे आहेत, म्हणाला, आणि सुरतवाल्याने हे विचारावं? ऑगस्ट 2006 मध्ये याच धरणातून सोडलेलं पाणी सुरतभर शिरलं होतं.

गाडी त्याच्याच खळ्यात लागली. बेसिनमध्ये डाळ धुतली, तर ते पाणी मोरीच्या जाळीतून वर आलं. गाडी एका अंगाला कललेली होती. शेतकऱ्याचा मुलगा गवंडीकाम करणारा, त्याने पाणसळ आणली, ओट्यावर ठेवली, बुडबुडा मधे येईपर्यंत मला चाकाखालच्या विटांवर पुढे-मागे करायला लावलं. गाडीच्या माहितीपत्रकात लेव्हलिंग या विषयाला एक अख्खं पान आहे, हे मला त्यानंतर सापडलं.

तोवर टाकी कोरडी. दोन पावलांवर मैलोन्मैल पाणी, आणि आमच्याकडे चहापुरतंही नाही. शेतकरी म्हणाला, विहिरीची मोटर आहे, पण शेतीची लाइट ठरलेले आठच तास, आज पाळी रात्रीची. मध्यरात्र उलटल्यावर स्टार्टर खट्ट झाला, त्याने पाइप माझ्या टाकीला लावला आणि दोन-चार मिनिटांत पाणी बाहेर सांडलं.

"बस? किती मावतं?"

"शंभर लिटर."

"एवढं तर माझ्या दोन म्हशी पितात," असं म्हणून त्याने पाइप गव्हाणीकडे वळवला.