रॉक मशीन ते इंडस क्रीड : तोच बँड की दुसरा?

परतवाड्यात मामांच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली : ‘रॉक अँड रोल रेनेगेड’, १९८८. मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा हा पहिला अल्बम. तोवर आपल्याकडचे रॉक बँड प्रामुख्याने परदेशी गाणीच वाजवीत. ग्लॅम मेटलच्या वळणाच्या या बँडने स्वतःची गाणी रचण्याचा हट्ट धरला. त्यांचे खरे धाडस तेच. केस वाढवणे त्या मानाने सोपे.

१९९३ मध्ये त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७ मध्ये बँड फुटला. २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा मंचावर आले. बास व ड्रम्सवर मात्र नवे वादक होते. नाव बदलले, माणसे बदलली. मग हा तोच बँड कसा? एलिचपूरला आज अचलपूर म्हणणाऱ्या आम्हांला हा प्रश्न परका नाही.

मामांना विचारले. ते म्हणाले, “गानारा तोच हाय ना? मंग झालं.”

पुनर्मिलनाचे कार्यक्रम बहुधा जुन्या गाण्यांवरच तगतात. यांनी २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. मामांनी तो अजून ऐकलेला नाही.