कमी पैशांत नीटनेटकं राहायचं तर

मुलगी पहिल्यांदा नोकरीला लागली की घरातले सगळे तिला सूचना देतात. वेळेवर जा, उलट बोलू नको, पगार घरी आणून दे. पण रोज काय घालून जायचं, तोंडाला काय लावायचं, याबद्दल कुणी धड बोलत नाही. आमच्या भागातल्या मुली मेडिकलच्या दुकानात, खासगी शाळेत, दवाखान्याच्या काउंटरवर लागतात. पगार सात-आठ हजारांपासून सुरू. घरी द्यायचे, एसटीच्या पासाचे आणि मोबाइलचे गेले की हजार-बाराशे उरतात, आणि तेवढ्यातच 'नीट दिसायचं' असतं. मोबाइलवरच्या बायका मात्र सकाळी सहा आणि रात्री सहा बाटल्या लावायला सांगतात. त्यातली एकेक बाटली या मुलीच्या दोन दिवसांच्या पगाराची.

हे लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की मी शिवणाऱ्या बाईची मुलगी आहे. अम्मीने इचलकरंजीत तीस वर्षं घरी शिलाई केली. मशीनशेजारी बसून काजं-बटणं करत मी मोठी झाले. ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवायला येणाऱ्या बहुतेक बायका मागावर काम करणाऱ्यांच्या घरच्या, हातात मोजके पैसे असलेल्या. त्यांना कमी पैशांत चांगलं कसं दिसायचं हे अम्मी ज्या तऱ्हेने समजावून सांगायची, तेच मी आता मुलींना सांगते.

तिचं पहिलं सांगणं असं, की कापड महाग असो की स्वस्त, कपडा अंगावर बसला पाहिजे. पाचशेची कुर्ती खांद्यावरून उतरत असेल तर ती दुसऱ्याची मागून आणल्यासारखी दिसते. दोनशेच्या कापडाचा ड्रेस मापात असेल तर किंमत कुणी विचारत नाही. तयार कुर्ती घेताना आधी खांदा बघा. खांद्याची शिवण जिथे खांदा संपतो तिथेच यायला हवी. बाजू सैल असतील तर कोणताही टेलर थोडक्या पैशांत आत घेऊन देतो. लांबी कमी करणंही सोपं असतं. पण खांदा आणि मुंढा चुकला तर सगळी बाही उसवावी लागते. तयार कपड्यात शिवणीच्या आत माया फार कमी ठेवलेली असते, म्हणून घट्ट कुर्ती नंतर सैल करता येत नाही. दोन मापांमध्ये अडलात तर मोठं घ्या आणि आत घ्या. शिवून घेत असाल तर टेलरला सांगा, दोन्ही बाजूंना एकेक इंच माया ठेवा. वजन वाढलं, कपडा धाकट्या बहिणीकडे गेला, तरी चालतो.

दुसरी गोष्ट कापडाची. कटपीसच्या दुकानात चांगलं कापड निम्म्या दरात मिळतं, पण 'प्युअर कॉटन' या शब्दावर जाऊ नका. कडेचा एक धागा मागून घ्या आणि घरी काडीने जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. पॉलिस्टर वाईट असतं असं नाही. ते लवकर वाळतं, इस्त्री मागत नाही, पावसाळ्यात सोयीचं पडतं. मात्र मे महिन्यात गर्दीच्या गाडीत ते अंगावर असेल तर घाम जिरत नाही आणि दुपारपर्यंत वास येतो. उन्हाळ्याला सुती, पावसाळ्याला मिश्र, एवढी वाटणी पुरे. विकत घेताना पन्हा विचारा. छत्तीसच्या पन्ह्याला जेवढं कापड लागतं तेवढं चव्वेचाळीसच्या पन्ह्याला लागत नाही. आणि सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. ते आटायचं तेवढं आधीच आटू द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात सलवार घोट्याच्या वर जाते.

कपडे किती हवेत? सुरुवातीला तीन कमीज, दोन सलवारी आणि दोन ओढण्या पुरतात, अट एकच की सगळं एकमेकांवर चालायला हवं. एक सलवार काळी आणि एक बदामी घ्या. पांढरी घेतलीत तर अस्तर लावून घ्या. कमीज कोणत्याही तीन रंगांच्या. तीन कमिजांचे दोन सलवारींबरोबर सहा जोड होतात, म्हणजे सोमवार ते शनिवार निघतो. उलट प्रत्येक ड्रेसची स्वतंत्र सलवार आणि स्वतंत्र ओढणी असेल, तर एक वस्तू धुवायला गेली की बाकीच्या दोन कपाटात पडून राहतात. नवीन गडद कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळा, थंड पाण्यात धुवा. उलटा करून सावलीत वाळवा. कपडे वापरून जितके विटतात त्यापेक्षा जास्त उन्हात विटतात.

रंग निवडताना मुली हमखास विचारतात, 'मी सावळी आहे, मला हा शोभेल का?' अम्मी स्वतः सावळी होती आणि मोरपंखी, राणी, मोहरीसारखा पिवळा, सगळं घालायची. कुणी काही म्हटलं तर म्हणायची, 'रंग कापडाला असतो, तो बघा.' माझाही रंग तिचाच. म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण कपड्यात चूक झाली तर शे-दोनशे जातात, पण तोंडाला चुकीचं काही लावलं तर फार जास्त जातं.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीला स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, स्वभावाने गोड. बघून गेलेल्या लोकांनी निरोप पाठवला की सगळं पसंत आहे, फक्त मुलगी रंगाने जरा डावी आहे. कुणीतरी तिला एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता ती दिली. दोन आठवड्यांत चेहरा उजळला. घरात सगळे खूश होते. तीन महिन्यांनी गालांवर लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली, कपाळभर पुरळ उठला. ती माझ्याकडे आली तेव्हा ओढणीने अर्धा चेहरा झाकलेला होता. म्हणाली, 'खाला, एक दिवस नाही लावलं तरी तोंड पेटतं.'

सिव्हिल हॉस्पिटलच्या त्वचारोग विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेतली आणि लगेच सांगितलं, यात स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडचं मलम हे औषध आहे. इसबासारख्या आजारात डॉक्टर ते मोजून, मोजक्या दिवसांसाठी देतात. रोज चेहऱ्याला लावलं की आधी उजळपणा येतो, मग त्वचा पातळ होते. बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून मुली पुन्हा लावतात आणि त्यात अडकत जातात. या पोरीला त्यातून बाहेर यायला जवळजवळ वर्ष लागलं. त्या काळात ती एकाही लग्नाला गेली नाही.

ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी एकही नाव दिसलं तर ती क्रीम सौंदर्यासाठी नाही, हे लक्षात ठेवा. त्यासोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन लिहिलेलं असेल तर ते तिहेरी मिश्रण आहे आणि डॉक्टरच्या नजरेखालीच वापरायचं असतं. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती मिळतात, म्हणून ट्यूब वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

दुसरा धोका डबीतल्या क्रीमचा. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, कंपनीचा पत्ता नसलेल्या डब्या असतात. त्यांतल्या काहींत पारा असतो. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबात तिघांची मूत्रपिंडं अशाच क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. केरळातल्या डॉक्टरांनीही गोरं करणारी क्रीम लावणाऱ्या रुग्णांमध्ये हेच नोंदवलं आहे. डबीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली भारतात आली आणि २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' काढून तिथे 'ग्लो' आलं. जाहिरातीतला शब्द बदलला, पण बघायला येणाऱ्यांच्या तोंडचा शब्द तोच राहिला. त्या लोकांना उत्तर देणं घरातल्या मोठ्यांचं काम आहे. वीस वर्षांच्या पोरीने ते उत्तर ट्यूबमध्ये शोधावं, अशी वेळ तिच्यावर आणू नये.

मग चेहऱ्याला लावायचं काय? फार थोडं. दिवसातून दोनदा साध्या फेसवॉशने किंवा सौम्य साबणाने धुवा. त्वचा ओढल्यासारखी वाटत असेल तर साधं मॉइश्चरायझर लावा. उन्हात जायचं असेल तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. पहिली दोन बोटं भरून घ्या, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. शेंगदाण्याएवढं लावून उपयोग नाही. काही विकत घ्यायचंच असेल तर हे घ्या, कारण डाग गडद करण्यात उन्हाचा वाटा मोठा असतो. लिंबू थेट चेहऱ्याला लावू नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की त्वचा भाजून काळे चट्टे पडतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टही नको. मुलतानी माती तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा चालते, पण पूर्ण सुकून तडकेपर्यंत ठेवू नका.

आपल्या घरांतल्या दोन जुन्या सवयींबद्दलही सांगते. दगडाचा सुरमा अनेकदा गॅलेना या खनिजाचा असतो, म्हणजे त्यात शिसं असतं. बाळांच्या डोळ्यांत तो अजिबात घालू नका आणि मोठ्यांनीही टाळा. चांगल्या कंपनीची काजळपेन्सिल शंभर-दीडशेत मिळते. ईदच्या आदल्या रात्री बाजारात मिळणारी काळी मेंदीही नको. खऱ्या मेंदीचा रंग आधी नारिंगी येतो आणि एक-दोन दिवसांत गडद होत जातो. अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात बहुतेक वेळा केस रंगवायचं पीपीडी हे रसायन असतं. त्याने हाताला फोड येतात, कधी कधी वळही राहतात.

ओढणी किंवा स्कार्फ रोज बांधणाऱ्यांनी केस पूर्ण वाळल्याशिवाय बांधू नयेत. ओल्या केसांना वास येतो आणि टाळू खाजते. स्कार्फ सुती किंवा मऊ व्हिस्कोसचा घ्या आणि रोज धुता येतील असे दोन ठेवा. घामाचा स्कार्फ दुसऱ्या दिवशी पुन्हा चेहऱ्याला लागला की हनुवटीवर पुरळ येतो. पुण्या-कोल्हापुरात गाडीवर तोंड बांधून फिरणाऱ्या सगळ्याच मुलींना हे लागू आहे. बुरख्याचा घेर आणि ओढणीचं टोक गाडीवर बसण्याआधी आवरून मांडीखाली घ्या. चाकात अडकलेल्या ओढणीने जीव गेले आहेत.

आणि चपला. काउंटरमागे आठ तास उभं राहणाऱ्या मुलीने सगळ्यात जास्त पैसे चपलेवर खर्च करावेत असं माझं मत आहे. टाच सपाट, तळ जाड, पट्टा पायाला न काचणारा. कोल्हापुरी चप्पल उन्हाळ्यात छान, पण पावसात कातडं फुगतं, म्हणून जून ते सप्टेंबर ती तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. रात्री पाय धुऊन टाचांना व्हॅसलीन लावून मोजे घाला. पंधरा दिवसांत भेगा कमी होतात. नखं आठवड्याला कापा.

पहिल्या पगारात सगळं घ्यायला जाऊ नका. या महिन्यात चप्पल, पुढच्या महिन्यात एक कमीज-सलवार शिवून घ्या, तिसऱ्या महिन्यात सनस्क्रीन आणि दोन स्कार्फ, मग दुसरा ड्रेस. चार-पाच महिन्यांत सगळं जमतं आणि कर्ज होत नाही. क्रीमवर जे पैसे गेले नाहीत ते पोस्टात टाका. बचत खातं पाचशे रुपयांत उघडतं. आधार कार्ड, पॅन आणि दोन फोटो घेऊन जा, आणि खातं स्वतःच्या नावावर काढा.